घसरली की गेली

पाण्यात बुडालेलं माणूस वर काढावं ते वाकडटोल्याच्या वारलू ढीवरानंच. आजूबाजूच्या गावांतूनही त्यालाच बोलावणं यायचं. आलं की तो ताटातला भात अर्धा ठेवून उठायचा, डोंगा असेल तर डोंग्यानं, नाही तर पोहत. या कामाचं त्यानं कधी काही घेतलं नाही. कोणी देऊ केलं तर असा तडकायचा, की देणाऱ्याला वाटावं आपल्या तोंडून शिवी गेली की काय.

पण वर काढणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं तलावाच्या पाळीवर व्हायचं. प्रेत टेकवलं की समाजाचा म्होरक्या देवाजी पुढे येऊन विचारायचा, "घसरला की गेला?" वारलू सांगेल ते पक्कं. घसरला म्हटलं तर सगळं रीतीनं: सरण, दहावं, तेरवी, आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांत पाण्याची घागर. गेला म्हटलं, म्हणजे आपल्या मनानं गेला, तर तलावाच्या सांडव्यापलीकडं खड्डा, आणि नाव संपलं. ना पिंड ना घास. पोलीस येऊन त्यांचा कागद त्यांच्या परीनं करून जायचे, पण गावाचा कायदा वारलूच्या जिभेवर होता.

आणि ती जीभ काही केल्या वाकायची नाही. जीव देवानं दिला, तो परत करायचा हक्क आपला नाही, एवढं त्याचं सोपं शास्त्र. सख्ख्या मेहुण्यालाही त्यानं सांडव्यापलीकडं पाठवलं होतं. बायको भागीरथा पुढं कित्येक महिने त्याच्याशी धड बोलली नाही. तरी हा गडी म्हणायचा, खोटं बोलून पितरांच्या पंगतीत कोणाले बसवू काय?

मग कार्तिकात केसरबाईची मयुरी बुडाली.

केसरबाई विधवा. घर अगदी पाळीला लागून, अंगणातून पाणी दिसे. एकुलती लेक गडचांदूरला दिलेली, जावई सिमेंटच्या कारखान्यात कंत्राटावर. जावई काही वाईट नव्हता, उगाच कोणाला नावं कशाला ठेवा. पहिलं बाळ हाती लागलं नाही आणि पोर गप्प झाली. माहेरी आणली. झोपायची नाही, केस विंचरायची नाही, ताटासमोर नुसती बसून राहायची. कोणी म्हणालं बाहेरचं लागलं, कोणी म्हणालं दुसरं झालं की होते बरी. अंगात ताप नव्हता, म्हणून दवाखान्याचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. काय म्हणावं आपल्या अकलेला!

त्या सकाळी घाटाच्या पायरीवर चपला नीट जोडून ठेवलेल्या सापडल्या, आणि चपलांत बांगड्या. वारलूनं तिला शिंगाड्याच्या वेलीतून काढून आणलं. चपला सगळ्या गावानं पाहिल्या होत्या, तरी देवाजीनं रीतीप्रमाणं विचारलंच. वारलू म्हणाला, "गेली." केसरबाई रडलीसुद्धा नाही.

वारलू घरी आला, अंगावर पाणी घेतलं, जेवायला बसला, आणि ताट तसंच ठेवून उठला.

कारण त्यानं पाण्यात जे पाहिलं होतं ते पाळीवरच्या कोणी पाहिलं नव्हतं. पोरीच्या दोन्ही मुठींत शिंगाड्याची वेल होती, मुळासकट उपटलेली. हात पुढं लांबलेले, तोंड गावाकडं. तिच्या मागं वेलीचा पट्टा फाटत आलेला साफ दिसत होता. वेल धरून धरून ती काठाकडं सरकत होती. ज्याला जायचंच असतं तो वेल कशाला धरेल? तिला डोंग्यात घ्यायचं म्हणून वारलूनं त्या मुठी पाण्यातच उघडल्या, आणि वर आला तेव्हा विचारणाऱ्यानं दोनच गोष्टी विचारल्या. घसरली म्हणावं तर खोटं. गेली म्हणावं तर खरं, पण सगळं खरं नाही. तिसरा जबाब मागायची रीतच नव्हती, आणि वारलू रीतीचा माणूस.

तेव्हापासून त्याला कुठं म्हणून चैन पडेना. जाळं टाकायचा आणि ओढायचं विसरायचा. घरात बसला की अंगणात यावंसं वाटे, अंगणात आला की पाळीवर. पाळीवर आला की केसरबाई दारात दिसे, की हा मागं फिरलाच. भागीरथा म्हणाली, "पायाले भिंगरी लागली का तुह्या?" काय सांगणार? केसरबाईला सांगावं, की बाई, तुझी पोर वाचायला पाहत होती आणि तू हाकेच्या अंतरावर चूल पेटवत होतीस? असं सांगणं म्हणजे आधीच मेलेल्या बाईच्या काळजात सुरी फिरवणं. आणि न सांगावं, तर पोर सांडव्यापलीकडं उपाशी.

माघात शेजारच्या गावी भागवत सप्ताह बसला. वारलू सायकल हाणत गेला आणि महाराज जेवून सुपारी कातरत बसले होते तिथं हात जोडून उभा राहिला. जो आपल्या मनानं जातो त्याचं काय, विचारलं. महाराजांनी महापाप म्हणून सांगितलं, नरक सांगितला, भटकणं सांगितलं. बरं, म्हणाला वारलू, मग रामानं शरयूत पाय टाकला तो? ती देवाची लीला, महाराज म्हणाले. आणि जो अर्ध्या वाटेतून परत फिरला तो? महाराजांनी अडकित्ता खाली ठेवला. माणूस भला होता, खोटं बोलला नाही. म्हणाला, पोथीत जाणाऱ्याचं लिहिलं आहे, फिरणाऱ्याचं मी कुठं वाचलं नाही.

परत येताना वारलू अख्खी वाट स्वतःशी पुटपुटत आला. देवानं केलं तर लीला, अन् पोरीनं केलं तर पाप. वा रे न्याय!

शाळेच्या पत्रू मास्तरांना त्यानं गाठलं. मास्तर बुद्धाचे. ते म्हणाले, आमच्यात आत्माच नाही तर भटकेल कोण? पण जीव घेणं चूकच, स्वतःचाही. आणि मग हळूच म्हणाले, त्या पोरीला दुखणं होतं वारलूभाऊ, दुखण्याला औषध देतात, शिक्षा नाही देत. वारलूला ते पटलं आणि पटलं म्हणून जास्तच टोचलं.

शेवटी मोहफुलं पडायच्या दिवसांत तो जंगलातल्या टोल्यावर, म्हणजे पाड्यावर, सुकलूकडं गेला. सुकलू गोंडांचा भुमक, गावदेवाचं सगळं पाहणारा, दोघांची जुनी दोस्ती. सुकलू फुलं वाळत घालत होता. वारलूनं त्याला मुठींचंही सांगितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ते तोंडाबाहेर पडलं. सुकलूनं ओंजळीतली फुलं पसरली.

"आमच्यातबी अशा मेलेल्याले वेगळं गाडते," तो म्हणाला. "पण काऊन गाडते, माहीत आहे? भेवानं. पापानं नाई."

आखजी आली. तलाव आटून मध्यावर गेला होता. दारोदार नव्या घागरी भरल्या जात होत्या, चिंचवणीचा वास गावभर सुटला होता. वारलू आपल्या बापाच्या नावाची घागर भरून पाळीवरून येत होता, तर केसरबाईच्या अंगणात त्याला दोन घागरी दिसल्या. एक नवऱ्याची, भरलेली. दुसरी तिनं तशीच आणली असावी, कोरी, रिकामी, भिंतीशी पालथी. हात धजला नसेल भरायला.

वारलूनं आपली घागर तिथंच वाटेवर ठेवली आणि अंगणात शिरला.

"बाई," तो म्हणाला, "मयुरी गेली होती हे खरं आहे. पण ती परत येत होती."

मग त्यानं सगळं सांगितलं. वेल, मुठी, मागचा फाटलेला पट्टा. सांगताना तो जमिनीकडं पाहत होता. केसरबाई खांबाला धरून खाली बसली.

"तोंड कोणीकडं होतं?"

"इकडं. तुह्या घराकडं."

"मग तिनं मले हाक मारली असन."

याचीच त्याला भीती होती. आजवर तो कोणाला खोटं बोलला नव्हता, आणि आता बोलायची वेळ आली की काय असं त्याला वाटलं. "मारली असन," तो म्हणाला. "पाण्यातून हाक येत नाई, बाई. तू काठावर उभी असती तरी तुले आयकू आली नसती."

केसरबाई रडली. कार्तिकापासून अडलेलं सगळं तिनं त्या अंगणात मोकळं केलं, आणि वारलू मूर्खासारखा उभा राहिला. मनात म्हणत होता, केली ना शेवटी सुरी फिरवायची करणी. तिचे शब्द त्याला तुटक तुटक ऐकू आले.

"मले वाटे, माह्यावर रागावून गेली. मले तिले बरं करता नाई आलं, म्हणून माह्यापासून दूर गेली." तिनं पदरानं तोंड पुसलं. "अन् ती माह्याकडंच येत होती."

रडणं ऐकून देवाजी आला, मागून दोघं-चौघं. काय झालं ते कळल्यावर त्यानं मान हलवली. घसरली की गेली, ते एकदा ठरलं आहे, म्हणाला, मधलं काही नसते. वारलूचं डोकं फिरलं. "मधलं होतं. मी पाह्यलं. तू दोनच विचारले, अन् मी गाढवासारखं दोनातलं एक सांगतलं. तिची घागर आज भरली पायजे." देवाजी म्हणाला, ही घागर भरशील तर तुझ्या पंगतीला समाज बसणार नाही. वारलू म्हणाला, नका बसू. माझा भात वाचला. लोक हसतील असं त्याला वाटलं होतं, कोणी हसलं नाही. सगळे पांगले.

केसरबाईनं पालथी घागर सुलटी केली आणि तलावातून भरून आणली. पळसाची पत्रावळ मांडली, भात वाढला, कढी, वडे, वांग्याची भाजी. पितरांचा घास घरच्या पुरुषानं टाकायचा असतो आणि तिच्या घरात पुरुष नव्हता. तिनं पत्रावळ वारलूपुढं सरकवली.

ज्या हातांनी मुठी उघडल्या त्याच हातांनी त्यानं घास उचलला. मयुरीचं नाव घेतलं. तेवढ्यात केसरबाईनं त्याचं मनगट धरलं.

"वांगं काढ त्यातलं," ती म्हणाली. "ती खात नाई."