क्रोशाची तीट

लेकीनं आयर्लंडहून क्रोशाचा टेबलक्लॉथ पाठवलाय. अस्सल तिकडचा, हातानं विणलेला, असं फोनवर पुन्हा पुन्हा सांगत होती. घडी उलगडताना खळीचा वास आला आणि साठच्या दशकातली पाचगणी आठवली.

तिथल्या मिशनमधल्या आयरिश सिस्टरनी आसपासच्या बायकांना त्यांच्याकडचा क्रोशा शिकवला होता. उन्हाळ्यात थंड हवेला आलेली माणसं ते काम विकत घ्यायची. एके दिवशी मी आईबरोबर मिशनमध्ये गेले होते. तिथं पुण्याच्या एका बाईंनी आईनं विणलेला टेबलक्लॉथ उचलला, उजेडात धरला. “अगदी आयर्लंडचाच वाटतो हो!” मग त्यांना कोपऱ्यातली काळ्या दोऱ्याची गाठ दिसली. “हा डाग कसला?”

“आवं, डाग न्हाई बाईसाब, तीट हाय,” आई म्हणाली. “लय दिस खपून केलंय. दृष्ट लागू नये म्हनून.”

“आयरिश कामाला कसली तीट? काढून टाका.”

सिस्टरनी पावती लिहायला घेतली. आईनं गाठ दातानं तोडली.

घाट उतरताना ती एवढंच म्हणाली, “पोर सासरी धाडताना तीट पुसत्यात व्हय गं?”

तेव्हा वाटलं, आई रागावलीय. आता कळतं, ती नुसती दमली होती.

आज मी टेबलक्लॉथचे चारही कोपरे चाचपले. तीट कुठंच नाही. तिकडच्या त्या अनोळखी विणणारीसाठी काळा दोरा काढलाय, पण तो काही केल्या सुईत जात नाही. नात शाळेतून आली की ओवून देईल. तोवर बसते अशीच.