दिवेलागणीची अट

क्षला इतक्या इज्जतीनं वागवणारी बाई अख्ख्या वाशीम जिल्ह्यात दुसरी सापडणार नाही. सापडलीच, तर ती आमच्या बाईंच्याच हाताखालून गेलेली असेल, हे मी लिहून देते. बाई म्हणजे आमच्या गावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीण. निवृत्तीनंतर माणसं देवधर्माला लागतात, बाई दोन चलांच्या समीकरणांना लागल्या. दहावीची आम्ही पोरंपोरी संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जमायचो. फी नव्हती, पण एक कडक नेम होता: पुस्तकातलं शाब्दिक उदाहरण ओट्यावर आणायचं नाही. ‘बापाचं वय मुलाच्या तिप्पट, बारा वर्षांनी दुप्पट’ असं कुणी वाचायला लागलं की बाई उसळायच्या. “ज्या बापाले आपल्या पोट्ट्याचं वय ठाऊक नाई, त्याच्यापायी आपण कायले मगज झिजवाचं?” नावेचं उदाहरण निघालं तर आणखीच. “आपल्या नदीत उन्हाळ्यात म्हशी बसाले पानी नाई, अन् हे प्रवाहाच्या उलट नाव वल्हवून राह्यले!”

उदाहरण ज्यानं त्यानं आपलं आपण बघून आणायचं. बाजारात बघा, लग्नात बघा, पण बघा. एकदा एक जण आठवडी बाजारातून शेळ्या-कोंबड्यांची डोकी आणि पाय मोजून आला आणि ऐटीत म्हणाला, “क्ष म्हणजे शेळ्या, पाय चार क्ष.” बाईंनी शांतपणे शेजाऱ्याची शेळी सोडवून आणली, ओट्याच्या खांबाला बांधली आणि म्हणाल्या, “घे, गुण हिले चारनं.” शेळी ओरडायला लागली, आम्ही हसून लोळलो, आणि शेळ्या वेगळ्या नि शेळ्यांची संख्या वेगळी हे आम्हाला जन्मभराचं कळलं. बाईंच्या कमरेला पिशवी असायची, पिशवीत खडू. समोर येईल त्यावर त्या लिहायच्या. पाण्याचा ड्रम, ट्रॅक्टरची ट्रॉली, उभ्या एसटीची पाठ, काहीही चालायचं. रिसोडची गाडी कितीदा तरी आमच्या गावची समीकरणं मिरवत तालुक्याला गेली आहे.

गावातल्या बाया त्यांना टरकून असत. एक शेजारीण सांगायला आली की अमक्याची सून सासूशी भांडते. जरा वेळानं तीच म्हणाली, त्या सासूचं सुनेशी पटत नाही. बाई म्हणाल्या, “हे एकच समीकरण झालं वो. उलटं लिहिल्यानं दुसरं होत नसते. दोन अज्ञात हायेत, दुसरी माहिती आणा, मंग बोला.” ती शेजारीण पुन्हा त्या ओट्यावर बसल्याचं मी पाहिलं नाही.

हे सारं मी हसून सोडून दिलं असतं, पण दहावीनंतर माझंच उदाहरण अडलं. मला वाशीमच्या कॉलेजात सायन्सला जायचं होतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. बाबा रिसोडच्या बाजार समितीत पोती उचलायचे, ते गप्प होते. बोलत होते ते त्यांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा. त्यांची अट एकच: सकाळच्या भाकरी टाकून निघायचं आणि दिवेलागणीच्या आत घरात यायचं. “जमत असंन त जाय,” म्हणाले. जमणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बाई न बोलावता आल्या. अंगणात उभ्या राहूनच त्यांनी पिशवीतून खडू काढला आणि आमच्या हिरव्या दाराकडे बोट केलं. “सांग पोरी. क्ष म्हणजे?”

“कॉलेजात थांबायचे तास.”

“य?”

“जाण्यायेण्याचे तास.”

मोठेबाबांची अट दारावर उतरली: भाकरीपासून दिवेलागणीपर्यंत आठ तास, म्हणून क्ष + य = ८. मग कॉलेजची वेळ आणि एसटीची वेळ धरून दुसरं: क्ष + य = १०. मोठेबाबा खुशीत मांडी ठोकून म्हणाले, “पाहा! एकच बेरीज आठ बी अन् दहा बी कशी होईन? गणितच नाई म्हणून राह्यलं.”

“गणित नाई म्हणत नाई, भाऊ,” बाई म्हणाल्या. “गणित म्हणते, दोघांपैकी एकाची माहिती खोटी हाये. दहा त टाइमटेबलात छापील हाये. आठ कोनं सांगतले?”

“हे घरचं वळण हाये. आमच्या पोट्ट्या अंधारात बाहेर राहात नाईत.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मदत केली नाही. माहिती ज्यानं त्यानं आणायची, हा त्यांचा नेम. मी बोलले. “मोठेबाबा, सोयाबीन सोंगाले मी तुमच्याच वावरात येतो. तवा घरी येतपर्यंत चांदण्या निघते. तवा कोनी वळण नाई काढलं.”

मोठेबाबा चपला शोधायला लागले. तेवढ्यात बाबा उठले. त्यांना वाचता यायचं नाही, पण पोत्यांवरचे आकडे ते ओळखायचे. दारापाशी जाऊन त्यांनी नीट पाहिलं, खांद्यावरचा दुपट्टा ओढला आणि आठ पुसून टाकला.

मी कॉलेजात गेले. बीएस्सी झाले, हे कुणाला मिरवणं वाटलं तर वाटू द्या. पहिल्या दिवसापासून परतीची एसटी फाट्यावर थांबली की बाई बॅटरी घेऊन तिथं उभ्या असत. “फिराले आली,” म्हणायच्या. गुडघे दुखणारी बाई रोज अंधारात एवढ्या लांब फिरायला येते, यावर मी कधी प्रश्न केला नाही. एकदाच वाटेत विचारलं, “बाई, तुमी कॉलेजात काहून नाई गेल्या?” बाईंनी बॅटरी खाली रस्त्यावर धरली. मग म्हणाल्या, “माह्या वक्ताले बी उत्तर निघत नोतं. मी पाटीच पुसून टाकली. अट पुसाची असते, हे कोनं सांगतलंच नाई.”

आता बाई मुलाकडे अकोल्याला असतात. तिथल्या सोसायटीची लिफ्ट त्यांनी खडूनं भरून टाकली, अशी तक्रार ऐकते आणि बरं वाटतं. मी वाशीमहून नोकरीवरून परतते तेव्हा फाट्यावर कुणी नसतं. नवा दिवा लागलाय, त्याच्या उजेडात मी उगाच एकदा इकडंतिकडं पाहते. गावात दिवेलागण कधीचीच होऊन गेलेली असते. मी मुद्दाम सावकाश चालत घरी जाते.