आवारातली सहा नवी नोझल

तो ट्रक आठवला की निवृत्तीनंतर आजही माझं डोकं तापतं. तेव्हा मी चाकण भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. नावं कुणाचीच लिहीत नाही. ज्यांनी ओळखायचं ते स्वतःला ओळखतील.

गुरुवारी सकाळी, पहिल्या शिफ्टच्या वेळेला, लोखंडी सुट्या भागांनी भरलेला एक जुना ट्रक औद्योगिक वसाहतीतून येऊन हमरस्ता ओलांडत होता. रस्त्याच्या मधोमध तो आडवाच थांबला. भरधाव आलेल्या कंपनीच्या बसनं कशीबशी बगल दिली. बसच्या मागे स्कूटरवर मोशीची एक बाई कामावर निघाली होती. बस बाजूला होईपर्यंत तिला पुढचं काहीच दिसलं नव्हतं. ती थेट ट्रकच्या बाजूवर आदळली आणि जागेवर गेली. वय अठ्ठावीस. जेवणाच्या डब्याची पिशवी हँडलला तशीच अडकलेली होती.

आम्ही पोहोचलो तेव्हा लोकांनी ड्रायव्हरला खाली ओढून बेदम मारलं होतं. त्याच्या हातात फोन होता, एवढंच सगळे ओरडून सांगत होते.

दुपारी ट्रकचा मालक ठाण्यात आला. मोठा वाहतूकदार. सणासुदीच्या बंदोबस्ताला ठाण्याला गाड्या पुरवणारा, त्यामुळे हवालदारापासून वरपर्यंत ओळखी. त्यानं जबाब दिला, "साहेब, गाडी ठणठणीत आहे. या माणसाला रस्त्यात कुठंही गाडी उभी करून फोनवर बोलायची खोड आहे."

ड्रायव्हर बीडकडचा, चाळिशीचा. सुजलेल्या तोंडानं म्हणाला, "साहेब, गाडी मिसिंग करत होती. उभी असली की केबिन थरथरायची, अन् लोड घेऊन वढतच नव्हती. गिअर टाकला अन् मधीच बसली. मालकाला फोन लावला, त्यांनी उचलला न्हाई."

"गाडीवर ढकलू नकोस," मी म्हणालो आणि त्याच्या थोबाडीत दिली. त्याचं हे बोलणं मी जबाबात घेतलं नाही. बाहेर जमाव रस्ता अडवून बसला होता. मला कुणीतरी दोषी हवा होता आणि तो समोर बसला होता. सदोष मनुष्यवधाचं कलम लावून मी त्याला आत टाकला.

ट्रक ठाण्याच्या आवारात ओढून आणला. सोमवारी मोटार वाहन निरीक्षकांनी तपासणी केली. ब्रेक ठीक, स्टिअरिंग ठीक, इंजिन सुस्थितीत. माझ्या लेखी प्रकरण संपलं होतं.

बुधवारी सकाळी ठाण्यात आलो तर बाकावर एक म्हातारा बसलेला. कपड्यांना डिझेलचा वास. ठाणे अंमलदारानं त्याला दोन तास तिष्ठत ठेवलं होतं. तळवड्यात त्याचं डिझेल पंप आणि नोझल दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. नोझल म्हणजे इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारा भाग.

"साहेब, पेपरात गाडीचा फोटो बघितला. ती गाडी अपघाताच्या आठ दिस आधी माझ्याकडं आलती," तो म्हणाला. "सहातले दोन सिलिंडर मेलेले व्हते."

"तुम्हाला कसं कळलं?"

"सोपं हाय. गाडी स्लोला चालू ठिवायची अन् एकेका नोझलच्या पाइपाचा नट ढिला करायचा. सिलिंडर जिता असंल तर इंजिनाचा आवाज पडतो. मेलेला असंल तर काय बी फरक पडत न्हाई. दोन ठिकाणी फरक पडला न्हाई. ती दोन नोझल काढून मशीनवर लावली, तर फवारा न्हाई, नुसतं थेंब थेंब गळत व्हतं. मालकाला म्हणलं, लोड घालू नका, गाडी कुठं बी मरंल. तर म्हणला, हीच परत बसव, पुढच्या महिन्यात बघू."

मी त्याला घेऊन तडक आवारात गेलो. ट्रक चालू करायला लावला. इंजिन अगदी सुरळीत चालत होतं. मिस्त्रीनं पाना घेतला आणि एकेक नट ढिला करत गेला. सहाही वेळा आवाज पडला. सहाही सिलिंडर जिवंत.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "मिस्त्री, पोलिसांचा वेळ खाता? कुणी पाठवलं तुम्हाला?"

म्हातारा घाबरला नाही. इंजिन बंद करून तो बॉनेटखाली वाकला आणि बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "साहेब, हिकडं या. समद्या इंजिनावर काजळी हाय का न्हाई? अन् ही नोझल बघा."

सहाही नोझल कोरी होती. नटांवर पान्याच्या ताज्या खुणा होत्या.

"ही माझ्या हातची न्हाईत. माझ्या त्या दोन खराब नोझलांवर मी पंचानं, म्हंजी टोकदार लोखंडी खिळ्यानं ठोकून, ठिपके मारले व्हते, पुन्हा वळखू यावी म्हणून. गाडी तुमच्याकडं आल्यावर कुणीतरी ही बदललीत."

तुमच्याकडं. हा शब्द माझ्या कानाखाली बसला. पोलीस ठाण्याच्या आवारात, माझ्या ताब्यातल्या मुद्देमालात कुणीतरी निवांत बसून पुरावा बदलला होता.

"किती वेळ लागतो या कामाला?"

"दोन मान्सं, दीड-दोन तास. अन् चालू करून बघायला चावी लागंल."

चावी एकाच माणसाकडे असायची, मुद्देमाल सांभाळणाऱ्या हवालदाराकडे. बावीस वर्षांची नोकरी, माझ्यासोबत सहा वर्षं. मी त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. आरडाओरडा केला नाही. माझा अनुभव असा की पोलिसाला पोलिसी आवाजाची भीती वाटत नाही. नोंदवही त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, "गुरुवारपासून ट्रकजवळ कोण कोण गेलं, ते तुझ्या हातानं लिही."

त्यानं पेन उचललं, पुन्हा ठेवलं. दहा मिनिटांनी त्याचा चेहरा पडला.

"साहेब, रविवारी दुपारी मालकाची दोन माणसं आली होती. म्हणाली, ताडपत्री अन् कागदं काढायचीत. मी चावी दिली."

"दोन तास ताडपत्री काढत होते?"

"साहेब, पोराला त्यांनीच कंपनीत लावलाय. नाही कसं म्हणणार?"

"एक बाई मेली आहे रे! अन् एक माणूस न केलेल्या गुन्ह्यात आत बसलाय!" तेव्हा मात्र माझा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत गेला असेल. त्याच दिवशी अहवाल वर पाठवला आणि हवालदार निलंबित झाला.

मालकाच्या गोदामाची झडती घेतली. भंगाराच्या पिंपात जुनी सहा नोझल सापडली. त्यांतल्या दोन नोझलांवर मिस्त्रीचे ठिपके होते. पंचनामा केला, मिस्त्रीनं पंचांसमोर ती ओळखली. ड्रायव्हरच्या फोनचे तपशील मागवले. अपघाताच्या सुमारास त्यावरून एकच फोन गेला होता, मालकाला. तो उचललेला नव्हता.

मालकाला समोर बसवलं. ठिपक्यांची नोझल टेबलावर ठेवली. तो चक्क समजुतीच्या सुरात म्हणाला, "साहेब, गाडी जुनीच होती. पुढच्या महिन्यात काम काढणारच होतो. धंद्यात असं थोडंफार चालतं राव."

हात उगारला जाऊ नये म्हणून मी खुर्चीचे दांडे धरून बसलो. त्याला अटक केली. पुरावा नष्ट केल्याचं कलमही लावलं.

ड्रायव्हरवरचं मोठं कलम काढण्यासाठी न्यायालयात अहवाल दिला. तो सुटला तेव्हा तीन आठवडे झाले होते. मी त्याची माफी मागितली. त्यानं ती ऐकली की नाही, कोण जाणे. तो एवढंच म्हणाला, "साहेब, त्या बाईच्या घरी न्याल का? एकट्यानं गेलो तर मारतील."

मोशीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. तिच्या नवऱ्यानं दार उघडलं आणि ड्रायव्हरला पाहून तसाच उभा राहिला. मी मधे बोलणार तेवढ्यात त्यानं विचारलं, "गाडी बंद पडल्यावर तुम्ही काय करत होता?"

"चार येळा सेल्फ मारला. मालकाला फोन लावला. मग हात करून गाड्या थांबवाव्या म्हणून दार उघडलं, तवर ताई आल्या."

नवऱ्यानं चौकटीला हात टेकला. मग म्हणाला, "मला वाटायचं, तुम्ही फोनवर कुणाशी तरी हसत बोलत होता. रोज तेच दिसायचं."

त्यानं आम्हाला आत घेतलं नाही. पण दार आपटलंही नाही.

त्यानंतर उरलेल्या नोकरीत मी एक नियम पाळला. अपघाताची गाडी आली की आधी बॉनेटला सील, आणि ड्रायव्हर गाडीबद्दल जे सांगेल ते शब्दशः जबाबात, मला पटो वा न पटो. आरोपी जे बोलतो ते सगळं खोटंच, ही आमच्या खात्यातली सवय मी स्वतःच्या हातानं एका निरपराध माणसाच्या गालावर उमटवली होती. इंजिनाचा दोष म्हाताऱ्या मिस्त्रीनं एका पान्यानं शोधला. ठाण्यातला दोष माझ्या नाकासमोर असून मला दिसला नाही.

खटला अजून चालू आहे. साक्षीसाठी गेलो की न्यायालयाच्या व्हरांड्यात मालक भेटतो. जामिनावर आहे, तब्येत उत्तम आहे. मला पाहून अदबीनं म्हणतो, "नमस्कार साहेब, बरे आहात ना?"

मी हात जोडत नाही.