शेवटी सीतादहीच

मलकापूर स्टेशनवर गाडी हलली तेव्हा आईने खिडकीच्या गजातून माझा हात धरला आणि म्हणाली, "तिकडे आपलं नोको बोलू, बाई. लोकं हासतात." आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिली. मी तिचं ऐकलं. पुण्यात वर्गात कमी बोलायचे, बोलले तरी पुस्तकातल्यासारखं.

वडनेरच्या मैत्रिणींनो, आणि माझ्यासारखं गाव सोडलेल्यांनो, हे नीट मांडता येईल की नाही माहीत नाही. पण राग अजून गेलेला नाही.

आम्ही वऱ्हाडच्या मुलामुलींनी कॉलेजसाठी एक संगीतिका रचली. आपल्या कापसाचा इतिहास, सगळा गाऊन, सगळा वऱ्हाडीत. घरची सरकी, कापसासाठी आलेली रेल्वे, मग बीटीची पाकिटं, मग बोंडअळी. आणि शेवटी सीतादही. पहिल्या वेचणीला बाया शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, तो कपाशीच्या पऱ्हाटीवर शिंपडतात आणि मगच बोंडाला हात लावतात. ते गाणं माझ्याकडे होतं. आईने फोनवर शिकवलेलं.

तालीम बघून नाटक बसवणारे सर म्हणाले, इतिहास प्रमाण भाषेत गा, वऱ्हाडी फक्त गड्याच्या तोंडी ठेवा, तेवढाच विनोद होईल. सीतादही इथे कुणाला कळणार? त्याऐवजी शेवटी झाडाला एक दोर टांगा.

म्हणजे आमची बोली हसण्यापुरती आणि आमचं शेत मरण्यापुरतं. हे कुणी ठरवलं? बोंडअळीने किडलेली उभी पऱ्हाटी उपटताना मी बाबांना पाहिलं आहे. ते दुःख आम्ही गायलंच होतं. पण त्याच्या पुढच्या हंगामातही आईने सीतादही केली होती. ते मी पुसून टाकायचं, कारण बघणाऱ्यांना दोर ओळखीचा आहे?

मी सगळ्यांत मागे उभी होते. कसंबसं तोंड उघडलं आणि निघालं ते घरचंच. "सर, मी दोराखाली नाही गाणार. मले सीतादहीच गायची हाये."

गड्याचं काम करणारा मलकापूरचा मोहसीन हळूच म्हणाला, "आता बोललं बे वडनेर." सरांनी अंग काढून घेतलं. आम्ही आमचंच बसवलं.

प्रयोगात माझ्या पहिल्याच ओळीला लोक हसले. पुढे थांबले की नाही, सांगता येणार नाही. मी डोळे मिटून शेवटपर्यंत गायले.

फोनवर आईने पहिलं तेच विचारलं, "हासले काय?"

"हासले."

"मंग?"

"मी नाही थांबली."

ती म्हणाली, "वेचणीले ये. आमालेबी ऐकव."

गेले. शेतात दहीभात शिंपडून झाला आणि मी गाणं धरलं. दुसऱ्याच ओळीला शकीला मावशी कापूस वेचायची ओटी कमरेला बांधता बांधता म्हणाली, "पोरीले पुण्याचा सूर लागला वं." बाया खदखदून हसल्या. सगळ्यांत मोठ्याने मीच हसले, इतकी की गाता येईना. तेव्हा पुढची ओळ आईने उचलली.