एकाच चित्राचे तीन छापे

हिरवा आणि तपकिरी हे दोन रंग मला वेगळे ओळखता येत नाहीत. ही गोष्ट मी सत्तावीस वर्षे माझ्या पत्नीपासूनही लपवून ठेवली. एवढेच असते तर डोळ्यांचा दोष म्हणून स्वतःला माफ करता आले असते. परंतु ते झाकण्यासाठी मी एकदा तिच्या नावावर खोटे बोललो, आणि पुढे ते खोटे तिला निमूटपणे सोसू दिले. त्याची जबाबदारी मला डोळ्यांवर टाकता येत नाही.

पंचविशीत असताना एका नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी माझ्यापुढे रंगीत ठिपक्यांची वही धरली होती. प्रत्येक पानावर ठिपक्यांमध्ये एक आकडा दडलेला आहे, असे ते म्हणाले. मला पानामागून पान नुसते ठिपकेच दिसले. घरी येऊन मी सांगितले, की जागा आधीच भरलेल्या होत्या. पुढे चिखलीच्या एका शाळेत इतिहासाचा शिक्षक म्हणून लागलो. या विषयाला रंगांची फारशी गरज पडत नाही; नकाशे तेवढे मी वर्गातल्या मुलींकडून रंगवून घेत असे.

लग्नानंतर वर्षभरातच जानेफळला आमच्या घरी पत्नीचे डोहाळजेवण ठरले. सासरची हिरवी साडी आणण्याचे काम आईने माझ्यावर सोपवले. चिखलीच्या दुकानात लग्नसराईची गर्दी होती. 'हिरवी दाखवा' एवढेच म्हणायचे होते. पण तसे म्हटल्यावर दुकानदाराने 'यातली कोणती?' असे विचारून दहा साड्या पुढ्यात टाकल्या असत्या, आणि आपले बिंग फुटेल ही भीती माझ्या मनात पक्की बसली होती. म्हणून गादीवर पसरलेल्या ढिगातून मी स्वतःच एक उचलली आणि 'हीच द्या' म्हणालो.

दुसऱ्या दिवशी भरल्या बैठकीत माझ्या थोरल्या बहिणीने घडी उलगडली.

"आवं माय! ओटीले मातीच्या रंगाची साडी? कोणं पसंत केली हे?"

आईने माझ्याकडे पाहिले. पाहुण्या बायका माझ्याकडे पाहू लागल्या. मी म्हणालो, "तिनंच सांगतला होता हा रंग."

पत्नी पाटावर बसलेली होती. तिने मान वर करून एकदाच माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा खाली घातली. मग तिला लग्नातला हिरवा शालू नेसवला, ओटी भरली, हसणे-खिदळणे झाले. संध्याकाळी तिने मला विचारले, "काऊन तसं बोलले तुमी?" मी म्हणालो, घाईत बोलून गेलो. तिने पुन्हा कधीच विचारले नाही. त्या न विचारण्याचा मी मला सोयीचा अर्थ लावला.

त्या दिवसापासून 'हिले रंगातलं काई समजत नाही' ही आमच्या घरातली कायमची थट्टा झाली. तीत वाईट हेतू कोणाचाच नव्हता, आणि म्हणूनच ती कधी थांबली नाही. भिंतींचा रंग असो वा मुलीच्या लग्नातले कपडे असोत, निवड बहीण करी किंवा माझ्यावर येई. मी आपला पांढऱ्या-निळ्याच्या बाहेर पाऊल टाकत नसे. आमचे जुने घर त्यामुळे आतून बाहेरून निळे होते. शेजारी त्याला माझी अभिरुची समजत. आणि जिची नजर खरोखर तयार होती, ती माझी पत्नी, हळूहळू आपली पसंती बोलून दाखवायचीच थांबली.

गेल्या वर्षी आम्ही बुलढाण्याला राहायला आलो. पुढच्या खोलीची एक भिंत मोकळी होती. पत्नीने एका जुन्या दिनदर्शिकेतले पान जपून ठेवले होते. नदीचा काठ, झाडांची सावली, गवतावर निवांत बसलेली माणसे; आणि हे सारे रंगाच्या बारीक बारीक ठिपक्यांनी घडवलेले. परदेशी चित्रकारांची ही एक रीत आहे म्हणतात: रंग कालवायचे नाहीत, शुद्ध ठिपके शेजारी शेजारी ठेवायचे, आणि मिसळण्याचे काम पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर सोडायचे. ती म्हणाली, "मले हे मोठं करून पाह्यजे. या भिंतीवर." किती वर्षांनी तिने स्वतःहून काही मागितले होते. मला आनंद झाला, आणि ठिपके पाहून डॉक्टरांची ती वहीही आठवली.

चष्म्यासाठी बहीण आमच्याकडे आलेली होती. ते पान मोठे छापायला आधीच देऊन ठेवले होते; छापे पाहायला तिघेही फ्रेमच्या दुकानात गेलो. दुकान इतके अरुंद, की मोठे चित्र पाहायला गिऱ्हाइकाला नाली ओलांडून रस्त्यावर उभे राहावे लागते.

"जवळून पाहू नका, सर," दुकानदार म्हणाला. "जवळून निस्ती रांगोळी सांडल्यावानी दिसते. तिकडं जा, पानठेल्यापाशी. माहं अर्धं दुकान रस्त्यावरच हाय."

आम्ही पानठेल्यापाशी ओळीने उभे राहिलो. त्याने जाड सुती कागदावरचे तीन छापे दारात टेकवून ठेवले. मध्येच एसटी आडवी आली, ती जाईपर्यंत थांबलो.

"चित्र एकच हाय," तो तिकडून ओरडला, "छापे तीन. ठिपक्याच्या चित्रात छापाच पाहा लागते. एक शाई कमीजास्त झाली, का सारं चित्र बदलते. बोला, कोणता?"

मला तिन्ही सारखेच दिसत होते. पत्नी मात्र पापणी न हलवता पाहत होती. तिचे ओठ हलले, आणि मी वळून विचारले, "तुले कोणता वाटते?"

"तिले काय इचारतं, बाबू?" बहीण म्हणाली. "तिची पसंत आपण सातव्या महिन्यात पाह्यली ना!"

पत्नीही हसली. "हो ना. तुमीच सांगा. माह्या पसंतीवर जाल तं फसाल."

त्या क्षणी मला बोलता आले असते. त्याऐवजी जुनी सवय पुढे झाली, आणि मी ठामपणे बोट दाखवले. "डावीकडचा."

दुकानदार छाप्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहू लागला. "सर, मजाक करता का? हा तं बिघडलेला हाय. गुलाबी शाई संपली होती मशीनची. माणसाइचे तोंडं पाहा ना, सारे हिरवे पडले, शेवाळ धरल्यावानी! असा छापा घेऊ नका, हे दाखवासाठी ठेवला म्या."

बहिणीने कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे पाहिले. तिचे तोंड उघडण्याआधीच माझ्या शेजारून पत्नीचा आवाज आला, "मीच म्हटलं त्याइले, तो चांगला दिसते म्हणून."

ती एक अक्षरही बोललेली नव्हती.

"पाह्य!" बहीण टाळी देत म्हणाली. "म्या म्हटलं ना!"

आज ते चित्र समोरच्या भिंतीवर आहे. छापा पत्नीने निवडलेला, उजवीकडचा. चौकटही तिच्याच पसंतीची. दुपारी ती त्याच्यासमोर बसून कोणता ठिपका कोणत्या रंगाचा आहे ते मला सांगते, आणि मी विश्वासाने ऐकतो. तिला माझे गुपित लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी कळले होते, पिके म्हणून मी पिशवीभर हिरवे टमाटे आणले त्या दिवशी; तपकिरीसारखा लालही मला हिरव्यात फसवतो. "मंग बोलली काऊन नाहीस?" असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "तुमी सांगाल म्हणून वाट पाहून राह्यली होती." इतक्या समाधानाने मी या घरात पूर्वी कधी बसलो नव्हतो.

पण हे सगळे नंतरचे. त्या सकाळी रस्त्यावर, बहीण हसत असताना, मला एवढेच कळले, की जे मी तिच्यावर एकदा ढकलले होते ते तिने आता आपण होऊन उचलले आहे, आणि मी गप्प राहिलो तर ते तिच्याकडेच राहील. माझा आवाज मुळातच लहान. दुकानदारालाही ऐकू जावे म्हणून मला तो चढवावा लागला.

"ताई, हसू नको. ही आता काईच बोलली नाही, अन् तवाही बोलली नव्हती. ती साडी म्याच उचलली होती. मले हिरवा अन् तपकिरी येगळा दिसत नाही, कधीच दिसला नाही. लाज वाटली म्हणून हिचं नाव घेतलं." मग मी पत्नीकडे वळलो. "साऱ्याइच्या समोर म्या तुह्यावर खोटं टाकलं, अन् इतके वर्स तुले हसू देल्लं. चुकलो मी. मले माफ कर."