बझर वाजत नाही

मी हिंडलग्याला राहतो असं सांगितलं की समोरचा हटकून विचारतो, "आत का बाहेर?" तिथल्या तुरुंगामुळं आमच्या गावाला हा मान मिळालाय. मी म्हणतो, झोपायला बाहेर, कामाला आत. कारण दिवसभर मी बेळगावजवळच्या मच्छ्यातल्या एका कारखान्यात असतो, लेथ आणि मिलिंगच्या खडखडाटात, आणि तिथली वीज माझ्या ताब्यात. इलेक्ट्रिशियन मी एकटाच. पॅनेलला माझ्याशिवाय कुणी बोट लावायचं नाही, हा नियम मीच केला आणि शिव्या देऊन पाळायला लावला. एकदा एकानं पॅनेलवर जेवणाचा डबा ठेवला, तर मी तो उचलून गेटबाहेर नेऊन ठेवला. आतली आमटी थंड झाली म्हणून तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. नाही तर नाही, मला काय फरक पडतो!

मागं आमच्या कॉम्प्रेसरची मोटर जळाली. तीन फेजपैकी एक फेज गेली, मोटर उरलेल्या दोहोंवर रडतखडत ओढत राहिली, आणि मी पोचेपर्यंत धूर. मग सावकारांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, अलार्मवाला डिजिटल मीटर आणला. आमचे सावकार निपाणीकडच्या जैन घरातले, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण बोलणं पोक्त. मीटर बसवला त्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, "अण्णा, आता ह्यो मीटर बोंबलून सांगणार. तरीबी मोटर जळाली तर पॅनेल मला कॉन्ट्रॅक्टरकडं द्यावं लागंल. वाईट वाटून घिऊ नका." वाईट? अठ्ठावीस वर्षं मी ज्याच्यासमोर उभा राहिलो, ते पॅनेल कुण्या परक्याच्या हातात द्यायचं, आणि मी काय करायचं, पंखे पुसायचे?

मी मीटरचं पुस्तक घेऊन बसलो. प्रकरण सोपं आहे. मीटर सारखा तिन्ही फेजचं व्होल्टेज मोजत असतो. त्याला एक हद्द सांगून ठेवायची की एवढ्याच्या खाली गेलं की ओरड. व्होल्टेज त्याखाली गेलं की मीटरच्या पोटातला रिले टक करून जोडला जातो आणि त्याच्या तारेवरचा बझर वाजतो. सोबत लाल दिवा लुकलुकतो. पण एवढ्यानं भागत नाही. ओरडायच्या आधी किती सेकंद थांबायचं, आणि व्होल्टेज किती वर आलं की गप्प बसायचं, हेही त्याला सांगावं लागतं. नाहीतर ते यंत्र हट्टी पोरासारखं घडीत रडतं, घडीत थांबतं.

मी शहाण्यानं ओरडायची आणि गप्प बसायची हद्द एकच ठेवली, आणि थांबायचा वेळ शून्य. म्हटलं, उशीर कशाला? मोठं मशीन चालू केलं की व्होल्टेज क्षणभर दबतं, त्यामुळं बझरची दिवसभर किरकिर. लोक येऊन सांगू लागले, "अण्णा, डोस्कं उठलं बघा." मला वाटलं, ह्यांना काम टाळायला निमित्तच पाहिजे, एवढा कुठं आवाज आहे! तरी दहा सेकंद थांबायला सांगितलं, दोन हद्दींमध्ये अंतर ठेवलं. तक्रारी बंद झाल्या.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी सगळी यंत्रं धुऊनपुसून हारतुरे घालतात, हळदकुंकू लावतात, कापसाचं वस्त्र वाहतात. पॅनेललाही वाहिलं. वाहणाऱ्यानं भक्ती जरा जास्तच केली आणि वस्त्राचं एक टोक थेट बझरच्या तोंडात खुपसलं. दोन दिवसांनी मीटरचा लाल दिवा लुकलुकताना दिसला आणि बझर गप्प. कापूस बघून माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "देवाच्या नावानं बझरचं तोंड बंद करता व्हय रं?" म्हणून मी अख्ख्या शेडला झोडपलं. सगळे माना खाली घालून ऐकत उभे.

कापूस काढला. पुढच्या वेळी दिवा लुकलुकला, तरी बझर गप्पच. म्हटलं, कुंकू आत गेलं, बझर मेला. नवा आणला. तोही मुका! तो घेऊन बेळगावच्या दुकानात गेलो आणि काउंटरवर आपटला. दुकानदारानं तारा जोडल्या, मान हलवली, "वाजतोय की, अण्णा." बाहेर रिक्षांचा गोंगाट. मी म्हटलं, "कुठं वाजतोय? मला मूर्ख समजता?" त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं, काही बोलला नाही आणि दुसरा बझर डबीत घालून दिला. बघा, खोटं पकडलं की माणूस कसा गप्प होतो, असं म्हणत मी ऐटीत परत आलो.

पॅनेलच्या समोर तपासणीचं टेबल आहे. तिथं पिरनवाडीची एक आक्का बसते. ती हल्ली सारखी उठून माझ्याकडं यायची. कधी म्हणायची, "अण्णा, माझा दिवा मिणमिणतोय, तेवढं पॅनेल बघता?" कधी म्हणायची, "अण्णा, पंखा हळू फिरतोय." मी चिडून पॅनेल बघायचो, आणि दर वेळी खरंच काहीतरी निघायचं. मला वाटायचं, बाई मोठ्या नशिबाची आहे.

एके दिवशी दुपारी मी पॅनेलला पाठ टेकून रजिस्टर लिहीत होतो. सावकार पलीकडच्या लेथपाशी उभे. आक्का आली. "अण्णा, पॅनेल बघा."

"आता काय मिणमिणतंय?"

"बघा की ओ!"

"हे पान संपू दे."

तिनं मला सरळ बाजूला ढकललं आणि कॉम्प्रेसरचं लाल बटण दाबलं. पाठोपाठ हवेवर चालणारी मशीनं एकेक करून थांबली, ती बघून बाकीच्यांनीही आपापली बंद केली. माझ्या पॅनेलला हात! मी ओरडलो, "कुणाला विचारून हात लावलीस गं?"

तिनं नुसतं मीटरकडं बोट केलं. दिवा लुकलुकत होता. मधली फेज निम्म्यावर आली होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर मोटर पुन्हा जळाली असती. मग मी बझरवर बोट ठेवलं. तो बोटाखाली थरथरत होता, जोरात. सगळी शेड बंद, माझं डोकं बझरपासून हातभर, आणि माझ्यापर्यंत काही म्हणजे काही पोचत नव्हतं.

सावकार बघत होते. मी आक्काच्या जवळ वाकलो आणि अगदी हळू म्हणालो, "आक्का, कुणाला सांगू नको. मला ऐकू येत न्हाय."

माझं ते हळू बोलणं गेटवरच्या वॉचमननंही ऐकलं. सगळ्यांनी माना वळवल्या. आक्का माझ्या तोंडासमोर आली आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "अण्णा, सगळ्यास्नी ठाऊक हाय. दोन वर्सं झाली."

दोन वर्षं! मी ज्यांना कामचुकार म्हणत होतो, ती माणसं बझर ऐकून आक्काला खूण करत होती, आणि ती दिव्याचं, पंख्याचं निमित्त काढून येत होती. माझ्याशी सगळे तोंडासमोर येऊन ओरडून बोलायचे, आणि मला वाटायचं, शेडच्या खडखडाटामुळं. पण माझ्या तोंडावर 'तुम्ही बहिरे' म्हणायचं कुणाच्या जिवावर आलं नाही. मला इतकी लाज वाटली की तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

सावकार जवळ आले. त्यांचे ओठ हलले. काय म्हणाले ते कळलं नाही, पण त्यांना दुसरं काय म्हणायचं असणार? मी कमरेची पॅनेलची चावी सोडली, त्यांच्या हातात दिली आणि बाहेर येऊन पायरीवर बसलो. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. कुणी बघितलं असतं तरी त्या घडीला मला फिकीर नव्हती.

थोड्या वेळानं आक्का आली आणि माझ्या कानापाशी ओरडली, "अण्णा, चावी का दिलासा?"

"काढून टाकलं ना मला पॅनेलवरनं."

"कुणी? सावकार म्हणाले, बझर काढा, त्या जागी मोठा फिरता दिवा बसवा. अण्णांना लांबनं दिसंल असा बसवा म्हणाले. तुमी मधीच चावी त्यांच्या हातात कोंबलीसा आनि निघून आलासा!"

मी सावकारांना, आक्काला आणि स्वतःला एकेक शिवी घातली. बहुतेक हळूच घातली असेल, नक्की सांगता येत नाही. मग उठून आत गेलो. सावकार चावी हातात धरून पॅनेलपाशीच उभे होते, काहीतरी बोलू लागले.

"सावकार," मी म्हटलं, "जरा मोठ्यानं बोला."