हातात दिलेले मासे

धक्क्यावर तिला सगळे मापताई म्हणत. बोटीतून उतरलेल्या कुप्यांची, म्हणजे ट्यूनाची, लांबी मोजायची हे तिचं काम. मासा फळीवर आडवा ठेवायचा, तोंड खुंटीला टेकवायचं आणि शेपटीच्या बेचक्यापर्यंत माप घ्यायचं. त्या मापांवरून मत्स्य कार्यालय ठरवायचं, समुद्रात मासा वाढू दिला जातोय की कोवळाच खुडला जातोय.

या कामाचा नियम एकच होता: मासा निवडायचा नाही. ढिगात हात घालायचा आणि हाताला येईल तो मोजायचा. देखणा म्हणून मोठा उचलायचा नाही, बापुडा म्हणून लहान सोडायचा नाही.

"मापताई, आमच्या जावयाला पण घ्या एकदा फळीवर," मासे कापणारी म्हातारी ओरडायची. "वाढतोय की नुसता आडवा होतोय, कळू दे!"

"आधी त्याला बर्फात ठेवा, मावशी. ताज्याचं माप मी घेत नाही."

अशी हसतखेळत वर्षं गेली. मग तिचा गुडघा सुजू लागला. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून बजावलं.

धाकटा भाऊ त्याच धक्क्यावर मुकादम होता. बोटींचा माल त्याच्या देखरेखीखाली उतरायचा. आई गेली तेव्हा तो जेमतेम चालायला लागला होता. ताईनेच त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. त्याने शेडच्या सावलीत तिच्यासाठी स्टूल मांडलं.

"तू इथून हलायचं नाहीस. मासा मी आणून देतो."

"अरे, निवडून आणू नकोस हं."

"ताई, इतकी वर्षं तुझंच ऐकतोय ना? येईल तो उचलतो."

तो एकेक मासा आणून तिच्या मांडीवरच्या फळीवर ठेवायचा, वर फडक्याने तिचे हात पुसायचा. कामगार चेष्टा करायचे. "मुकादम, बायकोला एक भांडं तरी उचलून देता का हो?" तो हसायचा. ताईला भरून यायचं.

तिच्या कागदांत हळूहळू लहान मासे कमी झाले. समुद्रात ओंडके बांधून तरंगत सोडले की त्यांच्या सावलीला कोवळा कुपा गोळा होतो. त्यामुळे ते ओंडके हंगामापुरते बंद करावेत का, यावर कार्यालयात बैठक झाली. एरवी चहाच्या कपाआड लपणारी ताई त्या दिवशी उठून उभी राहिली. "आमच्या बोटी लहान मासा धरत नाहीत. मी स्वतः मोजते." साहेबांनी तिच्या शब्दावर निर्णय पुढे ढकलला.

पुढे एकदा सकाळी गुडघा फारच ठणकू लागला. भाऊ बोटीवर होता. गुडघ्यावर ठेवायला बर्फ आणावा म्हणून ती लंगडत शेडमागच्या बर्फघराकडे गेली. दारात क्रेट रचलेले होते. क्रेटमध्ये वीतभर लांबीचे कुपे, एकमेकांना बिलगून, पाठीवरची निळाई अजून न मावळलेली.

"हे कुठून आले?"

बर्फवाला हसला. "थट्टा करता का, मापताई? रोजचाच बारका माल. तुम्ही स्टुलावर बसलात की मुकादम बोटीच्या पलीकडच्या बाजूने इकडे पाठवतात."

"रोजचा?"

त्याचं हसू ओसरलं. "म्हणजे... तुम्हाला माहीत असणार असंच सगळ्यांना वाटतं. घरचंच काम ना."

त्या 'सगळ्यांना'त मासे कापणारी म्हातारी होती, बोटीवरचे खलाशी होते, आणि रोज तिला हात करणारे हमालही होते. बर्फ न घेताच ती परतली. भाऊ मासा घेऊन स्टुलाशी उभा होता, चांगला लांबलचक, भरलेला.

"बर्फघरात जाऊन आले."

त्याने मासा खाली ठेवला.

"माझा गुडघा तुला बरा सापडला," ती म्हणाली. "केसाने गळा कापलास."

"तुला वाकवत नव्हतं, ताई. तुझे हाल बघवत नव्हते, हे खोटं नाही."

"आणि हे?"

"हेही खोटं नाही. ओंडके बंद झाले तर निम्म्या बोटी उभ्या राहतील. माझं घर त्यातच आलं."

"मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तू मोजले असतेस."

तिने मोजलेच असते.

दुपारी ती साहेबांसमोर उभी राहिली. "गुडघा धरल्यापासूनची माझी मापं रद्द करा. बैठकीत बोलले तेही."

साहेबांनी चष्मा काढला. "का? फळी चुकीची होती?"

"फळी बरोबर होती. मासे मी उचलले नव्हते."

"मग कोणी?"

लहानपणी त्याने काही फोडलं की हेच विचारलं जायचं आणि ती म्हणायची, माझ्या हातून पडलं.

"माझ्या भावाने," ती म्हणाली.

ओंडके त्या हंगामात बंद झाले. निम्म्या बोटी किनाऱ्याला लागून राहिल्या. म्हातारी तिला पाहून मान फिरवू लागली. भावजयीने मुलांना आत्याकडे पाठवणं थांबवलं. भाऊ भांडला नाही, कधी आवाज चढवला नाही. एका सकाळी उशिरा आलेल्या बोटीचा माल उतरत होता. ताई भिंतीला धरून ओल्या फरशीवर बसली, ढिगात हात घातला, मासा ओढला. माप घेऊन झाल्यावर तिला उठता येईना. भाऊ दोन हात अंतरावर उभा होता. सवयीने पुढे आला, आणि वाकला.

"राहू दे," ती म्हणाली.

आणि तशीच बसून तिने पुढच्या माशासाठी हात घातला.